पुरावा चार्जिंगला लावलाय

पहिला फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. १२ जानेवारी २०२५, रविवार. दुसऱ्या दिवशी भोगी, म्हणून मी स्वयंपाकघरात तीळ निवडत बसले होते. अनोळखी नंबर मी उचलतेच. गेली नऊ वर्षं सांगलीत पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीचे क्लास घेते, नंबर गेटवरच्या पाटीवर रंगवलेला आहे, आणि पालकांना वेळकाळ नसतो. पलीकडच्या माणसाने हिंदीत रेट विचारला. मी सांगितला. पाचवीचे वर्षाचे बारा हजार, आठवीचे चौदा, पुस्तकं वेगळी. तो क्षणभर गप्प झाला आणि मग जे बोलला ते मी पुढे चार ठिकाणी शब्दशः सांगितलं आहे, त्यामुळे इथे पाचव्यांदा सांगत नाही.

एक वाजेपर्यंत असे सतरा फोन आले. शेवटी नवऱ्याने मोबाइल बंद करून टाकला. सकाळी आठवीतल्या एका मुलीच्या आईने एक स्क्रीनशॉट पाठवला आणि मी उघडेपर्यंत स्वतःच डिलीटही केला. मग फोन करून म्हणाली, “मॅडम, तुम्ही बघू नका. पण बघा.”

फोटोंच्या एका अ‍ॅपवर माझ्या नावाचं खातं निघालं होतं. शिक्षकदिनाला मुलांनी काढलेला माझा इरकलीतला फोटो, खाली माझा नंबर आणि एक ओळ. आत सहा फोटो. त्यातले दोन माझे. उरलेल्या चारांत चेहरा माझा होता, शरीर कुणाचं होतं देव जाणे.

आमच्या घरात पुढचे चार दिवस एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होतं: काढून टाक. सासूबाई देवघरातून म्हणायच्या, नवरा दात घासताना म्हणायचा, पुण्याहून भाऊजींनी फोन करून त्यात भर घातली की नंबरही बदल. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. अंगावर पाल पडली की माणूस ती झटकतो, पकडून बाटलीत भरत नाही. मला मात्र पुढचं वर्षभर बाटलीच सांभाळायची होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

झटकण्याचा प्रयत्न मीही केला. अ‍ॅपवरचं रिपोर्टचं बटण दाबलं. पंधरा पालकांनी दाबलं. दुपारपर्यंत उत्तर आलं की हे खातं आमच्या नियमांच्या विरोधात जात नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मला त्या उत्तराच्या मजकुरापेक्षा त्याच्या वेगाचाच धक्का जास्त बसला. इतक्या झटपट उत्तर देणारं कुणी माणूस नसणार.

माझी एक शाळेतली मैत्रीण इथल्याच कोर्टात वकिली करते. संक्रांतीच्या सकाळी तिच्याकडे गेले. तिने आधी माझा मोबाइल हातातून काढून घेतला आणि विचारलं, “काही डिलीट केलंयस का?” नाही म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. “अगं, बहुतेक बायका इथपर्यंत येतात तेव्हा सगळं पुसून आलेल्या असतात. मग मी काय दाखवू कोर्टाला? तुझे डोळे?”

तिच्याकडून जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनशॉट घ्यायचा, तर त्यात तारीख-वेळ आणि खात्याचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. वर दिसणारं नाव तो माणूस कधीही बदलू शकतो, म्हणून पत्ता महत्त्वाचा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मोबाइलच्या मुख्य पडद्यापासून सुरुवात करून अ‍ॅप उघडणं, खातं शोधणं, एकेक फोटो खाली सरकवत जाणं, हे सगळं सलग रेकॉर्ड करायचं. आलेल्या फोनची यादी ठेवायची. हे फोटो कुणालाही पुढे पाठवायचे नाहीत, ‘बघ गं काय केलंय’ म्हणून बहिणीलासुद्धा नाही. आणि एका वहीत रोज काय झालं ते लिहायचं. वही मी मुलांच्या सराव चाचण्यांचीच घेतली. मागून सुरुवात केली.

मग ती म्हणाली, “रिपोर्टचं बटण म्हणजे चौकात उभं राहून ओरडणं. तक्रार अधिकाऱ्याला लिही.” २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने माहिती तंत्रज्ञानाचे मध्यस्थांसाठीचे नियम आणले. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना त्यानुसार इथेच राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता अ‍ॅपच्या तळाशी अशा जागी असतो की शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत शोभावा. त्यातला नियम ३ (२) (बी) तेव्हा, २०२५ मध्ये, सांगायचा की नग्न वा लैंगिक चित्रं, किंवा कुणाचं सोंग घेऊन केलेला मजकूर, जोडतोड करून बनवलेली चित्रंसुद्धा, त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केल्यापासून २४ तासांत काढण्याची पावलं कंपनीने उचलायची. मैत्रिणीने मला बारा ओळींचं पत्र लिहायला लावलं, नियमाच्या आकड्यासकट. “आकडा टाकला की ते पत्र वेगळ्या टेबलावर जातं,” म्हणाली. टेबलाचं मला माहीत नाही, पण खातं एकोणीस तासांत गेलं. ज्या खात्याने नियम मोडला नव्हता, तेच.

मधल्या त्या दुपारी आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, नाही गेलीस तर बायका बोलतील. गेले. वाण लुटलं, तिळगूळ घेतला, कुणी विषयही काढला नाही, आणि कुणी माझ्या डोळ्यात बघितलंही नाही. निघताना एका काकूंनी तेवढं सांगितलं, “आपण फोटोच टाकू नये बाई.” मी तो टाकलाच नव्हता. शाळेच्या ग्रुपवरून कुणीतरी उचलला होता. पण कुंकू लावून घेताना असा खुलासा करत बसता येत नाही.

तीन दिवसांनी दुसरं खातं उघडलं. तेच फोटो, तोच नंबर, नावात फक्त एक टिंब जास्त. पुन्हा पत्र, पुन्हा वाट. ही उंदीर-मांजर किती दिवस खेळायची? तेव्हा मैत्रिणीने ‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची सोय दाखवली. २०२१ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या एका मदतसेवेने फेसबुकच्या मेटा कंपनीला सोबत घेऊन ती सुरू केली. तुमचा फोटो तुमच्या मोबाइलमधून कुठेच जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तो सहभागी कंपन्यांना दिला जातो. पुढे तोच फोटो कुणी चढवायला गेलं, तर त्यांची यंत्रणा ठशावरून तो ओळखू शकते. मी त्या चार फोटोंचे ठसे दिले. गंमत अशी की ठसा द्यायला मूळ फोटो हाताशी लागतो. घरच्यांचं ऐकलं असतं तर तोही नसता.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली ती १५ तारखेला. तिथे महिला-बालकांविषयीच्या गुन्ह्यांचं दार वेगळं आहे आणि आत गेल्यावर विचारतात: नाव न सांगता तक्रार करणार, की नाव देऊन तिचा माग ठेवणार? माझं बोट पहिल्यावर गेलं होतं. पण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं हे कळायला वाट नसते, म्हणून मागे घेतलं. पोर्टलची पोचपावती मिळाली की आपल्याला वाटतं गुन्हा नोंद झाला. तसं नसतं. ती तक्रार राज्याच्या पोलिसांकडे, तिथून आपल्या ठाण्यात उतरते आणि मग कुणीतरी फोन करतं. चार दिवस कुणी केला नाही. मीच गेले.

ठाणे अंमलदार सज्जन होते. “नंबर बदला मॅडम, चार दिवसांत थंड होतंय बघा. एनसी करून घेऊ का?” एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा गुन्हा. मैत्रिणीने चिठ्ठीवर कलमं लिहून दिली होती: माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी (दुसऱ्याची ओळख चोरणं), ६७, ६७ ए (अश्लील, लैंगिक मजकूर पसरवणं); भारतीय न्याय संहितेची ७८ आणि ७९. ही सगळी दखलपात्र आहेत, हे मी पाठ करून गेले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि शेजारच्या तरुण शिपायाने, मदतच करायची म्हणून, सुचवलं, “६६ ए पण लावू या की.”

हे ६६ ए कुणाला आठवत नसेल तर सांगते, कारण ते आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली, आणि त्या वेळी गाजलेलं कलम हेच. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. त्यानंतरही पोलीस ते लावत राहिले, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. त्रासदायक संदेशांपासून संरक्षण म्हणून आणलेलं हत्यार दोन मुलींवरच चाललं होतं. मी त्या शिपायाला एवढंच म्हटलं, “ते आता नाही हो.” तो म्हणाला, “असं होय? सॉफ्टवेअरमध्ये बघतो.”

२१ जानेवारीला फिर्याद घेतली. या कलमांत जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचा असतो, म्हणून एक महिला उपनिरीक्षक आल्या. तिशीच्या आतल्या, दिवसभराच्या ड्यूटीने दमलेल्या. त्या रात्री फोन करणारे काय बोलले, ते मला शब्दन्‌शब्द सांगावं लागलं. मी सांगत होते, त्या टाइप करत होत्या आणि माझं बोलणं पडद्यावर जाईपर्यंत परक्या भाषेत बदलत होतं. ‘एक माणूस’ म्हटलं की ‘अनोळखी इसम’. ‘मला किळस आली’ म्हटलं की ‘फिर्यादीचे मनास लज्जा उत्पन्न होईल असे’. मी म्हटलं, “मॅडम, मला लाज नाही वाटली, राग आला.” त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, रागाला कलम नाही.” खरंच नाही. २०२४ च्या १ जुलैपासून संहिता नवी आली, पण ७९ व्या कलमातला गाभा अजून स्त्रीची विनयशीलता हाच आहे. शेवटी प्रिंट वाचायला दिली तेव्हा सवयीने लाल पेन काढून मी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागले. सात चुका निघाल्या. उपनिरीक्षक हसल्या, पण दुरुस्त करून पुन्हा प्रिंट काढली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

यात ७८ हा आकडा दोनदा येतो, हा मला सापडलेला एकमेव विनोद. न्याय संहितेचं ७८ म्हणजे पाठलाग. त्यात इंटरनेटवरचा माग काढणंही येतं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये ते जुन्या दंडविधानात ३५४ ड म्हणून आलं होतं. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७८ सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. म्हणजे ज्या उपनिरीक्षकांना मी सगळं सांगितलं, त्या पुढचा तपास करू शकत नव्हत्या. निरीक्षक साहेब करणार. साहेब बंदोबस्ताला. मंत्र्यांचा दौरा, मग २६ जानेवारी, मग अजून कसला तरी दौरा. मला कुणी विचारलं की नवा कडक कायदा हवा का, तर मला हे आठवतं. आपल्या विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरात शक्ती विधेयक मंजूर केलं होतं, त्यात कुठल्याही संपर्कसाधनाने स्त्रीला धमकावण्यासाठी वेगळं कलम होतं. ते राष्ट्रपतींच्या संमतीवाचून अडकलं. माझ्या प्रकरणात त्याच्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते एका अधिकाऱ्याच्या सवडीवाचून.

पुरावा कागदावर आणा, असा निरोप आला. आता हे फोटो छापायचे कुठे? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या क्लासच्या नोट्स छापतात, त्याचा मुलगा माझ्याकडे पाचवीला. म्हणून रात्री दार लावून घरच्याच प्रिंटरवर काढले. परीक्षा तोंडावर आलेली, ट्रेमध्ये गणिताच्या सराव प्रश्नपत्रिकेचे पाठकोरे कागद होते. पहिली प्रिंट बाहेर आली ती अशी: पुढच्या बाजूला मी, किंवा मी नसलेली मी, आणि मागच्या बाजूला ‘एका टाकीत दोन नळांनी पाणी सोडले असता’. ती प्रिंट फाडून चुलीत घातली. गॅसची शेगडी आहे आमची, पण अंगणात पाणी तापवायला चूल आहे, तिथे. मग कोरे कागद घालून बाकीच्या चव्वेचाळीस काढल्या. त्या रात्री मी पहिल्यांदा रडले.

कागद नुसते चालत नाहीत. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ आपण भरायचा: कोणता मोबाइल, कुणाचा, नीट चालत होता ना. भाग ब तज्ज्ञ भरतो. त्यात प्रत्येक फाइलची हॅश किंमत लिहितात, म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेली ६४ अक्षर-अंकांची ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. हे मला फार आवडलं. नंतर मी सांकेतिक भाषेच्या धड्यात मुलांना ते सांगितलं, कशावरून कळलं ते न सांगता.

मोबाइल जमा करा म्हणाले, तेव्हा मात्र मी अडले. क्लास त्याच्यावर चालतो. बरीच घासाघीस होऊन दोन पंचांसमोर, चित्रीकरण करत, फाइली उतरवून घेतल्या आणि मोबाइल ताबापावतीवर परत दिला. अट एकच: फॉरमॅट करायचा नाही, काही पुसायचं नाही, मागू तेव्हा हजर करायचा.

फेब्रुवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. तो आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ खाली होतो, पण जुना आकडा १६४, म्हणून कोर्टात शिपायापासून वकिलापर्यंत सगळे अजून ‘एकशे चौसष्टचा जबाब’ म्हणतात. महिला न्यायाधीश होत्या. खोलीत आम्ही दोघी आणि त्यांची लघुलेखक. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं की कुणाच्या दबावाखाली बोलताय का. चार ठिकाणांपैकी हे एकच ठिकाण, जिथे सांगताना मधे कुणी आत-बाहेर केलं नाही.

माझी खरी झोप उडवली ती १८० च्या आकड्याने. दुसरं खातं कंपनीने काढायच्या आत त्या माणसाने स्वतःच बंद केलं होतं. नियमाप्रमाणे काढलेला मजकूर आणि बंद खात्याची नोंदणी कंपनीने १८० दिवस जपायची असते, तपासासाठी. मागणी त्याच्या आत गेली नाही तर पुढचं कंपनीच्या मर्जीवर. मी वहीत दिवस मोजायला लागले, परीक्षेला किती दिवस राहिले हे फळ्यावर लिहिते तसे. कंपनीला पोलिसांचं पत्र गेलं ते ४७ व्या दिवशी. उत्तर यायला अजून तीन आठवडे. आयपी पत्ता, त्यावरून मोबाइल कंपनी, त्यावरून सिमकार्ड. फिर्यादीला तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. माझे ९० दिवस २१ एप्रिलला भरले. २२ ला मी अर्ज घेऊन गेले, कलम १९३ चा आकडा टाकून. “तुम्ही वकील आहात का?” विचारलं. “मास्तरीण आहे,” म्हटलं. त्या संध्याकाळी फोन आला.

माणूस ओळखीतला निघाला. आमच्या घरी पोहे खाऊन गेलेला. का केलं, याचं त्याने दिलेलं कारण इतकं फुटकळ आहे की ऐकून मीच ओशाळले. खटला चालू आहे म्हणून अधिक लिहीत नाही. त्याची आई येऊन गेली, पोराचं आयुष्य वाया जाईल म्हणाली. सासूबाईंनी तिला चहा दिला आणि कप उचलता उचलता म्हणाल्या, “आमच्या सुनेचा नंबर अजून तोच आहे.” त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, त्या माझ्या बाजूला नाहीत.

चौतीस मुलांपैकी अकरा त्या महिन्यात क्लास सोडून गेली. नव्या वर्षी त्यातली पाच परत आली, जणू गावाला गेली होती अशा थाटात. मीही काही विचारलं नाही.

दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा पडतायत. मधे मोबाइलने सांगायला सुरुवात केली की जागा संपली, मोठ्या फाइली आहेत, काढून टाकू का? ते सगळे मी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. दिवसातून दोनदा विचारायचा. मुलीच्या वाढदिवसाला केक कापतानाचा व्हिडिओ घेता आला नाही, मधेच बंद पडला. शेवटी अकरा हजारांचा दुसरा घेतला, सिम त्यात घातलं. जुना कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या खाली. नुसता पडून राहिला तर बॅटरी मरेल म्हणाला दुकानदार. म्हणून दर पंधरा दिवसांनी, एकादशीची आठवण ठेवून, तो बाहेर काढते आणि चार्जिंगला लावते.